जपलेलं की जमवलेलं? जुनी डायव्हर घड्याळं पारखताना

प्रश्न असा आहे: १९५० ते १९७०च्या दशकांतली, चांगल्या अवस्थेत राहिलेली डायव्हर घड्याळं, म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना वापरायला बनवलेली मनगटी घड्याळं, जमवायची आहेत. फोटोंत सगळीच छान दिसतात. मग खरोखर जपलेलं घड्याळ ओळखायचं कसं, सुरुवात कशानं करावी, आणि ती घालून पाण्यात उतरता येतं का?

पाण्याचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. उतरू नका. तबकडीवर २०० मीटर छापलेलं असतं ते नव्या रबरी रिंगांसह कारखान्यातून बाहेर पडलेल्या घड्याळाबद्दल. पन्नास-साठ वर्षांत रबर कडक होतं, क्राउन (चावी द्यायची, वेळ लावायची बाजूची कळ) ज्या नळीवर आवळला जातो तिचे आटे झिजतात, ॲक्रिलिकच्या काचेला कडेनं बारीक तडे जातात. मागच्या झाकणाची रिंग जिथे टेकते ती जागा खाऱ्या पाण्यानं खाल्ली असेल, तर नवी रिंग घालूनही उपयोग होत नाही. सगळ्या रिंगा बदलून, हवेच्या दाबाखाली कोरडी चाचणी करून घेतलेलं घड्याळ हात धुताना उडालेलं पाणी सोसेल. त्यापुढे जाऊ नये. पाणी शिरलं तर मशीन बहुतेक वेळा वाचवता येतं. तबकडी आणि काटे वाचत नाहीत. मशीनचे सुटे भाग आजही मिळतात. त्या सालातली मूळ तबकडी सहसा मिळत नाही, आणि जुन्या डायव्हरच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यातच असतो.

आता पारखण्याकडे येऊ. ही घड्याळं हत्यारं म्हणून बनली, हे डोक्यात ठेवलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ब्लाँपाँचं फिफ्टी फॅदम्स १९५३मध्ये आलं. फ्रेंच नौदलात पाण्याखाली पोहून लढणाऱ्या सैनिकांचं पथक उभारणारे रोबेर मालूबिए आणि क्लोद रिफो यांना पाण्याखाली वाचता येईल, वेळ मोजता येईल असं घड्याळ हवं होतं, आणि ब्लाँपाँचं घड्याळ त्या गरजेत बसलं. पन्नास फॅदम म्हणजे साधारण ९१ मीटर. झोडियाकचं सी वुल्फ त्याच वर्षीचं. रोलेक्सनं सबमरिनर १९५४च्या बाझल प्रदर्शनात लोकांपुढे ठेवलं, ओमेगाचं सीमास्टर ३०० १९५७मध्ये आलं, सेकोचं पहिलं डायव्हर, ज्याला आज सगळे '६२मास' म्हणतात, १९६५मध्ये. त्या काळी ज्यानं असं घड्याळ घेतलं त्यानं ते वापरलं. चमक गेली तर काटे बदलून घेतले, बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरणारी कडी, फुटली तर नवी बसवली, दर सर्व्हिसिंगला केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, घासून चकचकीत करून घेतली. मालकाच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती. आपण मात्र आज नेमकं तेच शोधतो जे त्यानं जपायचं कारण नव्हतं. म्हणून चांगल्या स्थितीतलं डायव्हर हे चांगल्या स्थितीतल्या ड्रेस वॉचपेक्षा, म्हणजे समारंभाला घालायच्या नाजूक घड्याळापेक्षा, कितीतरी दुर्मीळ असतं.

त्यामुळे माझा पहिला निकष चकाकीचा नाही, मेळाचा आहे. तबकडी, काटे, बेझल, केस, क्राउन, मशीन हे सगळे एकत्र म्हातारे झालेले दिसले पाहिजेत. तबकडीचा लेप गडद पिवळसर झालाय, काट्यांतला पांढराशुभ्र आहे, बेझल नवी कोरी आहे आणि लग (पट्टा अडकवायचे केसचे चार बाहू) बोथट झालेत, तर ते वेगवेगळ्या घड्याळांतून जमवलेलं घड्याळ आहे. ते चालू असेल, दिसायला सुंदरही असेल. फक्त त्याला जपलेल्या घड्याळाची किंमत देऊ नये. याउलट सगळ्याच भागांवर थोडा थोडा काळ दिसतोय, काचेवर ओरखडे आहेत, केसवर ठोके आहेत, पण कडा शाबूत आहेत, असं घड्याळ मी लगेच हातात घेतो. काचेचे ओरखडे मी मोजतही नाही. ॲक्रिलिकची काच पॉलिशच्या पेस्टनं साफ होते आणि नाहीच झाली तर बदलता येते.

सर्वांत जास्त वेळ तबकडीवर आणि अंधारात चमकणाऱ्या लेपावर घालवा. हा लेप, ज्याला सगळे ल्यूम म्हणतात, तीन काळांत विभागलेला आहे आणि त्याचं भौतिकशास्त्र खोटं बोलत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरलं जाई. मग ट्रिटियम आलं आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत राहिलं. त्यानंतर किरणोत्सारी नसलेला, प्रकाश शोषून चमकणारा ल्युमिनोव्हा. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे १९६५च्या घड्याळातलं ट्रिटियम आज जेमतेम तीन-चार टक्के उरलंय. त्यामुळे १९६५चं घड्याळ अंधारात रात्रभर लख्ख चमकत असेल तर आनंदून जाऊ नका. कुणीतरी लेप नव्यानं भरलाय.

यासाठी एक अतिनील टॉर्च जवळ ठेवा. ती मारल्यावर जुना ट्रिटियमचा लेप उजळतो आणि टॉर्च बंद केली की लगेच मावळतो. ल्युमिनोव्हा हिरवा किंवा निळसर चमकत राहतो, मिनिटं गेली तरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तबकडीवरचे बारा ठिपके आणि तिन्ही काटे यांचा प्रतिसाद साधारण सारखा असला पाहिजे. एकच ठिपका वेगळा वागला तर तो पडला होता आणि कुणीतरी पुन्हा भरलाय. इथे थोडं सबुरीनं घ्या. काटे आणि तबकडी बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत भरली जात, त्यामुळे छटेत किंचित फरक असणं स्वाभाविक आहे. फोटो मोठा करून दोन तपकिरी छटांवर आठवडाभर वाद घालणारे संग्राहक असतात. त्यांच्या नादी लागू नका. लेपाचा पोत बघा. जुना लेप कोरडा, किंचित दाणेदार दिसतो, काट्यात बारीक भेगा असतात. नवा भरलेला लेप गुळगुळीत, फुगीर असतो आणि ठिपक्याच्या कडेवरून जरा बाहेर आलेला असतो. जुन्याचा आभास देण्यासाठी रंग मिसळून भरलेला लेपही मिळतो. तो सगळीकडे एकसारखा असतो, तेवढ्यावरूनच ओळखू येतो.

तबकडीच्या तळाशी, सहाच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत काय छापलंय ते भिंगाखाली वाचा. स्विस घड्याळांत 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी असेल, किंवा टी आणि २५पेक्षा कमी असं चिन्ह असेल, तर तबकडी ट्रिटियमची आहे. २५ हा मिलिक्युरी या किरणोत्साराच्या एककातला आकडा. घड्याळ १९७०चं आणि तळाशी नुसतंच 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असेल, तर बहुतेक वेळा ती कंपनीनं पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी बसवलेली तबकडी असते. ती खोटी नाही. पण विकणाऱ्यानं तसं सांगितलं पाहिजे आणि किमतीत ते दिसलं पाहिजे.

रेडियमची गोष्ट वेगळी. रेडियम-२२६चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. लेप चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड किरणांच्या माऱ्यानं थकून गेलंय. रेडियम मात्र आहे तिथेच आहे. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, काचेवर धरला की तो कडकडायला लागतो. ट्रिटियमचे क्षीण बीटा किरण काचेतून बाहेरच येत नाहीत, त्यामुळे तिथे काउंटर गप्प राहतो. १९५०च्या दशकातलं म्हणून विकलं जाणारं घड्याळ काउंटरला अजिबात प्रतिसाद देत नसेल तर तबकडी नंतरची असण्याची शक्यता मोठी. बराच काळ एकाच जागी थांबलेल्या काट्यांच्या खाली तबकडीवर पडलेला तपकिरी भाजल्याचा डाग हीसुद्धा रेडियमची सही आहे, आणि ती बनवणं अवघड. पण अशी घड्याळं घरी उघडू नका. धोका मनगटावर घालण्यापेक्षा सुटलेल्या लेपाची भुकटी श्वासावाटे किंवा बोटांवरून पोटात जाण्याचा जास्त आहे. बंद कपाटात अशी पाच-सहा घड्याळं एकत्र ठेवली तर रेडॉन हा किरणोत्सारी वायू साचतो, तेव्हा ती हवेशीर जागी आणि निजायच्या खोलीबाहेर ठेवा.

छपाईबद्दलही तेवढंच बारकाईनं पाहावं लागतं, आणि इथे एका मॉडेलचा नीट अभ्यास केलेला कामी येतो. रोलेक्सच्या सबमरिनरचं ५५१३ हे मॉडेल घ्या. ते १९६२च्या सुमाराला आलं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. सुरुवातीची तबकडी चकचकीत काळी, अक्षरं सोनेरी. १९६६-६७च्या आसपास ती मॅट काळी आणि पांढऱ्या अक्षरांची झाली. १९८०च्या दशकाच्या मध्याला पुन्हा चकचकीत, पण ठिपक्यांभोवती पांढऱ्या सोन्याच्या कडा. म्हणजे केसचा क्रमांक १९७२ सांगतोय आणि तबकडीवर ठिपक्यांना धातूच्या कडा आहेत, तर तबकडी बदललेली आहे, बाकी कितीही निर्दोष असो. त्या सोनेरी अक्षरांची गंमत अशी की ती वरून छापलेली नसतात. काळा थर जिथे चढू दिलेला नाही तिथे खालचा पितळी रंग दिसतो, म्हणून भिंगाखाली अक्षरं पृष्ठभागाच्या किंचित खाली वाटतात. पुन्हा रंगवलेल्या तबकडीत सोनेरी शाई वर बसलेली दिसते.

आणखी एक. काळ्या तबकड्या उन्हानं आणि रंगातल्या दोषानं तपकिरी होतात, त्यांना 'ट्रॉपिकल' म्हणून भलताच भाव मिळतो. तो रंग सगळीकडे सारखा उतरलेला असेल तर खरंच देखणा दिसतो. पण ओलाव्यानं डागाळलेल्या, बुरशी धरलेल्या तबकड्याही याच नावानं विकल्या जातात. डाग कडेकडून आत सरकत गेलेला असेल, लेप काळा पडून भुसभुशीत झाला असेल, तर ते ऊन नव्हे, पाणी. मी त्याला एक पैसाही जास्त देत नाही.

तबकडीनंतर केस. इथे नुकसान कायमचं असतं. घासून गेलेलं स्टील परत येत नाही. लेझर वेल्डिंगनं धातू भरून कडा पुन्हा काढता येतात, उत्तम कारागीर ते इतकं बेमालूम करतात की फोटोवरून कळत नाही, पण तीही दुरुस्तीच, सांगूनच विकली पाहिजे. न घासलेली केस ओळखण्यासाठी वरच्या ब्रशच्या रेघा आणि बाजूचा चकचकीत भाग यांच्यामधली कड बघा. ती सरळ, धारदार हवी. लगला आरपार भोकं असतील तर भोकापासून कडेपर्यंतचं अंतर चारी लगांवर पडताळा. घासत गेलं की भोक कडेला सरकल्यासारखं दिसतं आणि त्याचा काठ बोथट होतो. चारी लगांची जाडी वरून सारखी दिसते का ते पाहा. क्राउनच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक उंचवटे एकमेकांशी जुळतात का तेही. १९६०च्या दशकातल्या सीमास्टर ३००चे पिळदार लग हे त्या घड्याळाचं सगळं सौंदर्य आहे, आणि पॉलिशच्या चाकावर पहिले तेच जातात. सेको ६३०९सारख्या गादीच्या आकाराच्या केसमध्ये वरच्या पृष्ठावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या गुळगुळीत झाल्या असतील तर घड्याळ चाकावर जाऊन आलंय.

१९६०च्या दशकातल्या स्वस्त डायव्हर घड्याळांबाबत एक सूचना, कारण नवखे इथे हमखास फसतात. झाकणावर 'स्टेनलेस स्टील' लिहिलंय म्हणून पूर्ण केस स्टीलची समजू नका. पुढे 'बॅक' हा शब्द असेल तर फक्त झाकणच स्टीलचं आहे. बाकी केस पितळेवर क्रोम चढवलेली असते. क्रोमखालून आलेले फोड आणि खड्डे लगांच्या आतल्या बाजूला आणि झाकणाच्या खाचेत प्रथम दिसतात, तेव्हा पट्टा काढून त्या जागांचे फोटो मागायला लाजू नका.

सुपर कंप्रेसर केसचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण अभ्यासाला यापेक्षा चांगला विषय नाही. एर्व्हिन पिकेरे यांची केस बनवणारी स्विस कंपनी, आद्याक्षरांनी एप्सा, ही केस अनेक घड्याळ कंपन्यांना पुरवत असे: लाँजीन, एनिकार, युनिव्हर्सल जिनिव्ह, हॅमिल्टन आणि कितीतरी. कल्पना चतुर होती. झाकण स्प्रिंगच्या आधारावर बसतं, आणि जसं खोल जावं तसा पाण्याचाच दाब त्याला रिंगवर घट्ट आवळतो. म्हणजे पृष्ठभागावर रिंगवर ताण कमी, म्हणून ती जास्त टिकायची. बहुतेकांना दोन क्राउन असतात. एक वेळ लावायला, दुसरा काचेखालची आतली बेझल फिरवायला. झाकणाच्या आत पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचा शिक्का असतो आणि मूळ क्राउनवर जाळीची नक्षी. ही नक्षी नसेल तर क्राउन बदललेला, ही पहिली खूण. केस एकाच कारखान्याच्या असल्यानं वेगवेगळ्या ब्रँडच्या तबकड्या एकमेकांच्या केसमध्ये बसवणं सोपं झालं आणि त्याचा गैरफायदाही घेतला गेला. तबकडीवरचं नाव आणि मशीनच्या पुलावरचं (चक्रं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीवरचं) नाव जुळतंय का, हे इथे पहिल्यांदा पाहावं. आतली बेझल फिरते का तेही. काचेखाली असली तरी ती ओलाव्यानं खराब होते.

बाहेरच्या बेझलबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियमच्या चकतीचा रंग उडून ती राखाडी होते आणि ते सुंदर दिसतं, म्हणून नव्या चकत्या रसायनात बुडवून राखाडी केल्या जातात. उन्हानं उडालेला रंग असमान असतो. रसायनानं केलेला सगळीकडे सारखा असतो आणि अंकांच्या कडा खाल्लेल्या दिसतात. बेकलाइटच्या, म्हणजे जुन्या ठिसूळ प्लास्टिकच्या, बेझलला तडा नसेल तर ते नशीब समजा; दाबून, फिरवून बघण्याचा उत्साह आवरा. आणि १९६०-७०च्या सबमरिनरची बेझल दोन्ही दिशांना फिरते, घर्षणावर. ती एकाच दिशेला कटकट करत फिरली तर नंतरचा भाग बसवलेला आहे. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक १९८२चं आहे, त्यामुळे आज नेहमीचे वाटणारे नियम त्याआधीच्या घड्याळांना लावू नका.

मशीनवर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. योग्य कॅलिबर (मशीनचं मॉडेल) आहे का, पुलांवर पाण्याचे डाग किंवा गंज आहे का, स्क्रूंच्या खाचा उखडलेल्या आहेत का, एवढं पाहा. टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स चक्राचं आंदोलन २५० अंशांच्या आसपास किंवा वर असेल तर छान. २००च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. यंत्रावर त्या कॅलिबरचा लिफ्ट अँगल (मोजणीसाठी यंत्राला द्यावा लागणारा कोन) लावलाय ना याची खात्री करा, नाहीतर आकडा निरर्थक असतो.

कागदपत्रांवर माझा विश्वास बेताचा आहे. डबा आणि हमीपत्र स्वतंत्रपणे विकत मिळतात. कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांतला उतारा मदत करतो, पण तो क्रमांकाबद्दल बोलतो. आज त्या केसमध्ये जे बसवलंय त्याबद्दल नाही. डायव्हर नसलेलं एक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावं: १९५७ सालचं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३० लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं, आणि २०२३मध्ये खुद्द ओमेगानं ते वेगवेगळ्या भागांतून जुळवलेलं असल्याचं सांगितलं. ती तबकडी गडद चॉकलेटी होती आणि सगळ्यांना भुरळ पाडून गेली होती. सीमास्टर ३००ही बाजारात अशीच उभी राहतात. सर्व्हिसचे अस्सल सुटे भाग आणि दुसऱ्याच घड्याळातलं त्या काळचं मशीन एकत्र केलं की भाग सगळे ओमेगाचे, घड्याळ मात्र कारखान्यातून कधीच न निघालेलं.

रोलेक्सच्या बाबतीत १९५०-६०च्या दशकांतल्या अनेक झाकणांच्या आत तिमाही आणि वर्षाचा शिक्का असतो. तो लगांमधल्या क्रमांकाशी जुळवून बघावा. सेकोचं गणित सोपं आहे आणि थोडं फसवंही. झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिना. पण ६३०९-७०४० हे १९७६ ते १९८८ बनलं, म्हणजे पहिला अंक ७ असेल तर ते १९७७ही असू शकतं आणि १९८७ही. तिथे मग बाकीच्या खुणा पाहाव्या लागतात. सेको ६१०५मध्ये आणखी एक छान पडताळा आहे. आधीच्या तबकड्यांवर आणि झाकणांवर पाणी न शिरण्याच्या दाव्यात 'प्रूफ' लिहिलेलं असे, नंतर 'रेझिस्ट' झालं. तबकडी एक सांगते आणि झाकण दुसरं, असं दिसलं तर विचारा.

सैन्याला दिलेल्या घड्याळांपासून पहिली काही वर्षं लांब राहा. ब्रिटिश संरक्षण खात्याच्या सबमरिनरवर तलवारीच्या पात्यासारखे काटे, वर्तुळातला टी, लगांना पक्के जोडलेले बार आणि पूर्ण साठ मिनिटांच्या खुणांची बेझल असते. फ्रेंच नौदलाला पुरवलेल्या ट्यूडरच्या (रोलेक्सचाच दुसरा ब्रँड) पाठीवर नौदलाची आद्याक्षरं आणि वर्ष कोरलेलं असतं. हे सगळं कोरून आणि जोडून तयार करता येतं आणि केलं जातं. ज्या सैनिकानं ते वापरलं त्याच्यापासून तुमच्यापर्यंतची साखळी कागदावर नसेल, तर त्या कोरीव अक्षरांचे पैसे देऊ नका.

सुरुवात कशानं करावी याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: १९६०च्या दशकातलं स्टीलच्या केसचं एखादं स्किन डायव्हर. सपाट बाजूंची, सरळ लगांची, छत्तीस-अडतीस मिलिमीटरची ही घड्याळं डझनावारी छोट्या स्विस ब्रँडांनी विकली. आत ए. शील्ड किंवा ईटीएची साधी, दणकट मशीन असत, जी कुणीही चांगला कारागीर दुरुस्त करतो. नाव प्रसिद्ध नसल्यानं त्यांची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही, म्हणून ती बऱ्याचदा प्रामाणिक राहिलेली असतात. सेको ६३०९ हा दुसरा चांगला पर्याय, पण त्याच्यासाठी बाजारात तबकड्या, काटे, बेझल, सगळंच नवं मिळतं, त्यामुळे दहातली बरीचशी जुळवलेली असतात. आधी खऱ्या तबकडीचे ढीगभर फोटो बघून डोळा तयार करा. फाव्र-लुबाचं बाथी मोहात पाडतं, त्यात खोली दाखवणारा काटा असतो. पण मागच्या भोकांतून पाणी आत येऊन ज्या पातळ पडद्यावर दाबतं तो पडदा मिठानं गेलेला असेल तर दुरुस्तीला माणूस शोधत बसावं लागेल. व्होस्तोक अँफिबिया १९६७पासूनचं, २०० मीटरचं, आणि त्याचं झाकण व जाड काच पाण्याच्या दाबानं अधिक घट्ट बसावी अशी रचना. अभियांत्रिकीची आवड असेल तर जुनं एक जरूर घ्या. डोक्साचं १९६७चं सब ३०० नारिंगी तबकडीमुळे आणि कोणत्या खोलीवर किती वेळ राहता येईल हे सांगणाऱ्या बेझलवरच्या आकड्यांमुळे सगळ्यांना हवं असतं. ते तिसरं-चौथं घड्याळ म्हणून बघा, पहिलं म्हणून नको.

विकणाऱ्याकडे काय मागायचं? तबकडीचा काच काढून घेतलेला फोटो मिळाला तर सोनं, नाहीतर तिरप्या प्रकाशातला. झाकणाची आतली बाजू, मशीन, पट्टा काढून लगांमधली जागा, रिंगेची खाच, चारी लग बाजूनं, आणि अंधारात टॉर्च मारल्यानंतर पाच सेकंदांचा व्हिडिओ. हे मागितल्यावर कुणी चिडला तर तिथेच थांबा. आणि 'पॉलिश केलं आहे का' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर नेहमी 'नाही' असतं. 'शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली आणि तेव्हा काय काय बदललं' असं विचारा. त्यातून बरंच बाहेर येतं.

घेतल्यानंतर लगेच सर्व्हिसिंग करा, चालू असलं तरी. वाळलेल्या तेलावर चालणारं मशीन स्वतःचेच दांडे खात असतं. जुने रबरी पट्टे केसला चिकटतात, त्यांच्याखाली ओल धरून स्टीलमध्ये खड्डे पडतात, तेव्हा ते काढून वेगळे ठेवा. खूप घट्ट डबे टाळा. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि तबकडीवर थेट ऊन येणार नाही असं पाहा. कारागिराला घड्याळ देताना तोंडी सांगून भागत नाही, चिठ्ठी लिहून द्या: केस घासायची नाही, तबकडी धुवायची नाही, लेपाला हात लावायचा नाही, काटे, बेझल आणि क्राउन विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत, रिंगा सगळ्या नव्या घालायच्या. क्राउन बदलावाच लागला, आणि बऱ्याचदा लागतो, तर जुना पिशवीत घालून परत मागा. पुढे तुम्ही घड्याळ विकाल तेव्हा ती पिशवी त्याच्यासोबत द्या.